पांच जणांची भिंत

मोठ्या वाड्यांत शिरणारा पाहुणा दिंडीदरवाजावरील नक्षी पाहतो, दिवाणखान्यांतील हंड्या-झुंबरें न्याहाळतो. पायाच्या दगडाकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. खेळाच्या मैदानावरहि हाच प्रकार दिसतो. विजय मिळवून देणाऱ्या गड्याचें नांव सर्वतोमुखीं होतें. त्याला वाट मोकळी करून देणाऱ्याचें नांव विचारण्याची तसदी क्वचितच कोणी घेतो. अमेरिकेंतील फुटबॉलच्या खेळांत तर अशा अप्रसिद्ध पांच जणांची एक स्वतंत्र फळीच असते. या पांचांची पारख कशी करावी, आणि पारख झाल्यावर कोणास कोणत्या जागीं उभें करावें, हा तेथील शिक्षकांपुढील एक अत्यंत बिकट प्रश्न होय.

हा फुटबॉल म्हणजे आपल्या परिचयाचा पायानें खेळावयाचा फुटबॉल नव्हे, हें प्रथमच सांगितलें पाहिजे. येथें चेंडू दोन्ही टोकांस निमुळता असतो आणि बहुतेक वेळ तो हातांतच असतो. प्रत्येक पक्षाचे 11 गडी एका वेळीं मैदानांत असतात. ज्या पक्षाकडे चेंडू असेल त्यानें चार प्रयत्नांत निदान 10 यार्ड पुढें सरकावें, न साधल्यास चेंडू गमवावा, असा नियम आहे. या चढाईचा सूत्रधार म्हणजे क्वार्टरबॅक. तो चेंडू दूरच्या सोबत्याकडे फेंकतो किंवा जवळून धांवत जाणाऱ्या गड्याच्या हातीं देतो. चेंडू फेंकावयाचा असल्यास कोठें फेंकावा हें ठरविण्यास त्याला अवघे दोन-तीन सेकंद मिळतात. आणि हे सेकंदहि त्याला कोणी तरी मिळवून द्यावे लागतात. तें काम पुढील फळींतील पांच जणांचें. मध्यभागीं सेंटर, त्याच्या दोहों बाजूंस दोन गार्ड, आणि त्यांच्याहि बाहेर दोन टॅकल, अशी ही रचना असते. या पांचांना पुढें फेंकलेला चेंडू झेलण्याची सामान्यतः मुभा नाहीं. समोरून तुटून पडणाऱ्या धिप्पाड प्रतिस्पर्ध्यांस, त्यांना मिठी न घालतां, थोपवून धरावें एवढेंच त्यांचें कर्तव्य. तें उत्तम रीतीनें पार पडलें तर प्रेक्षकांना फळीचें भानहि राहत नाहीं. तें चुकलें तर क्वार्टरबॅक जमिनीवर आडवा झालेला सर्वांना दिसतो.

मग पांच सर्वांत बलवान माणसें निवडून एका ओळींत उभीं केलीं म्हणजे काम भागलें, असें वरवर पाहणाऱ्यास वाटेल. परंतु या पांच जागा बाहेरून सारख्या दिसल्या तरी प्रत्येकीचा धर्म निराळा आहे. सेंटरला चेंडू दोन पायांमधून मागें द्यावयाचा असतो आणि त्याच क्षणीं समोरच्याशीं झुंजावयाचें असतें. शिवाय प्रतिपक्षाची मांडणी ओळखून कोणी कोणास अडवावें याचा इशारा बहुधा तोच देतो. त्याच्या ठिकाणीं बळापेक्षां नजर आणि तत्परता अधिक मोलाची. गार्डची लढाई हातघाईची असते. त्याच्या समोर प्रतिपक्षांतील सर्वांत वजनदार गडी उभे असतात, आणि दोहों बाजूंस स्वतःचे सोबती असल्यामुळें त्याला फारशी जागा राखावी लागत नाहीं. ठाण मांडून उभें राहणें हेंच त्याचें कौशल्य. टॅकलची स्थिति याच्या उलट. त्याच्या बाहेरच्या अंगाला सारें मैदान मोकळें पडलेलें असतें, आणि त्या मोकळ्या जागेंतून प्रतिपक्षाचे चपळ गडी वळसा घेऊन येतात. त्यांच्या वेगाशीं मेळ राखीत त्याला मागें मागें सरकावें लागतें. म्हणून त्याचे हात लांब हवेत आणि पाय हलके हवेत. गार्ड हा तटाच्या आंतील शिपाई, तर टॅकल हा बुरुजावरचा.

त्यांतहि डाव्या टॅकलचें महत्त्व विशेष मानतात. उजव्या हातानें चेंडू फेंकणारा क्वार्टरबॅक फेंकतांना उजवीकडे तोंड करून उभा राहतो, त्यामुळें डावीकडून येणारें संकट त्याच्या पाठीमागून येतें. 18 नोव्हेंबर 1985 रोजीं वॉशिंग्टनच्या जो थाइझमन या क्वार्टरबॅकवर न्यूयॉर्क जायंट्सचा लॉरेन्स टेलर झेपावला. त्या आघातानें थाइझमनच्या पायाचें हाड मोडलें आणि त्याचें खेळाडू म्हणून आयुष्य तेथेंच संपलें. फळींतील माणसांची पारख ही केवळ जयपराजयाची बाब नसून पाठीमागें उभ्या असलेल्या एका मनुष्याच्या हाडामांसाची बाब आहे, हें अशा प्रसंगीं कळून येतें.

ही पारख होते कशी? दर वर्षीं इंडियानापोलिस येथें महाविद्यालयीन खेळाडूंची परीक्षा भरते. तेथें उंची, वजन, हाताची लांबी मोजतात. 40 यार्डांची धांव लावतात. 225 पौंडांचा भार उताण्यानें किती वेळां उचलला हें मोजतात. परंतु अनुभवी शिक्षक आंकड्यांवर विसंबत नाहींत. ते पूर्वीच्या सामन्यांचीं चित्रें पुन्हा पुन्हा पाहतात. गडी गुडघ्यांत वाकतो कीं कमरेंत, हें ते प्रथम पाहतात. कारण कमरेंत वाकणाऱ्याचा तोल लवकर जातो. त्याचे हात प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर पडतात कीं खांद्यांबाहेर जातात, हें त्यानंतर. मग, एकदां फसल्यावर तो स्वतःस सांवरतो कीं नाहीं. शेवटीं तो शेजाऱ्याशीं किती मिळतें घेतो हें पाहतात. कारण समोरचे दोन गडी एकमेकांच्या वाटा ओलांडून आले म्हणजे गार्ड आणि टॅकल यांना क्षणार्धांत आपापलें सावज बदलून घ्यावें लागतें. तेथें एकट्याचें शौर्य कुचकामाचें ठरतें.

या विद्येचें उत्तम उदाहरण म्हणून फिलाडेल्फिया ईगल्स या संघाची 2024 च्या हंगामांतील फळी दाखवितां येईल. जेफ स्टाउटलंड हा शिक्षक 2013 सालीं या संघाकडे आला होता. त्याच्या हाताखालील त्या वर्षींचे पांच गडी पाहिले तर एक चमत्कारिक गोष्ट ध्यानांत येते. ज्या जागेवर ते नांवारूपास आले, त्या जागेवर त्यांपैकीं कोणाचाहि प्रवास सरळ रेषेंत झालेला नव्हता.

डावा टॅकल जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियांतील सिडनीचा. तो तेथें रग्बी खेळे. अमेरिकन फुटबॉलचा एकहि सामना तो खेळलेला नव्हता. 2018 सालच्या निवडींत सातव्या, म्हणजे अखेरच्या, फेरींत त्याचें नांव आलें. पहिले दोन हंगाम त्याला अधिकृत सामना असा खेळावयास मिळालाच नाहीं. परंतु 6 फूट 8 इंच उंचीच्या या माणसाचे पाय अंगलटीच्या मानानें कमालीचे हलके होते, आणि टॅकलला हवें असतें तें हेंच. डावा गार्ड लँडन डिकर्सन हा महाविद्यालयांत सेंटर होता. 2020 सालीं उत्कृष्ट सेंटरचें रिमिंग्टन पारितोषिक त्यानें मिळविलें होतें. पण 2021 सालीं तो आला तेव्हां सेंटरची जागा जेसन केल्सी या नामांकित खेळाडूकडे होती, म्हणून डिकर्सनला शेजारीं उभें करण्यांत आलें, आणि तेथेंच तो रुजला. केल्सी मार्च 2024 मध्यें निवृत्त झाल्यावर सेंटर झाला कॅम जर्गन्स. हा विद्यापीठांत प्रथम आला तो चेंडू झेलणारा गडी म्हणून. पुढें तेथेंच तो सेंटर झाला. केल्सीच्या अखेरच्या हंगामांत त्यानें उजव्या गार्डचें काम केलें. उजवा टॅकल लेन जॉन्सन तर तरुणपणीं एका लहान महाविद्यालयाचा क्वार्टरबॅक होता!

उजव्या गार्डच्या जागेची हकीकत सर्वांहून उद्बोधक आहे. मेकाय बेक्टन यास 2020 सालीं न्यूयॉर्क जेट्सनें पहिल्याच फेरींत अकराव्या क्रमांकावर टॅकल म्हणून निवडलें होतें. पुढें गुडघ्याच्या दुखापतीमुळें 2021 आणि 2022 या दोन हंगामांत मिळून तो एकच सामना खेळला. जेट्सनें त्याला सोडलें तेव्हां त्याचें भवितव्य अंधारांत होतें. 2024 सालीं फिलाडेल्फियानें त्याला घेतलें आणि पूर्वीं कधींहि न खेळलेल्या गार्डच्या जागीं उभें केलें. बुरुजावर ज्याची दमछाक होत होती, तो तटाच्या आंत आल्यावर अचल ठरला. मनुष्य तोच, बळ तेंच. बदलली ती केवळ जागा. त्या हंगामांत या पांचांच्या पाठीमागून धांवतांना सेक्वॉन बार्कली यानें 2005 यार्ड मिळविले.

जागेचा हा गुण उलट्या बाजूनेंहि अनुभवास येतो. याच संघानें 2019 सालीं आंद्रे डिलर्ड यास पहिल्या फेरींत डावा टॅकल म्हणून निवडलें होतें. नोव्हेंबरमध्यें जॉन्सन जायबंदी झाल्यामुळें सिएटलविरुद्धच्या सामन्यांत डिलर्डला उजवीकडे उभें केलें. अर्धा खेळ होतांच त्याला बाहेर काढावें लागलें. डावीकडून उजवीकडे जाणें म्हणजे चार पावलें चालून जाणें नव्हे. जो पाय मागें टाकावयाचा तो पुढें येतो, जो हात आधीं जावयाचा तो मागें राहतो. उजव्या हातानें लिहिणाऱ्यास डाव्या हातानें सुंदर अक्षर काढावयास सांगण्यासारखेंच तें आहे.

9 फेब्रुवारी 2025 रोजीं न्यू ऑर्लिन्स येथें फिलाडेल्फियाची गांठ अंतिम सामन्यांत कॅन्सस सिटी चीफ्सशीं पडली. चीफ्स लागोपाठ तिसऱ्या विजेतेपदासाठीं उतरले होते. त्यांच्या फळींत जो थूनी नांवाचा डावा गार्ड होता. त्या काळांत त्याच्या तोडीचा गार्ड क्वचितच होता. परंतु त्यांच्याकडे भरंवशाचा डावा टॅकल मात्र नव्हता. हंगामांत एकामागून एक माणसें वापरून पाहिलीं, आणि डिसेंबरमध्यें अखेर थूनीलाच टॅकलच्या जागीं नेलें. हा निर्णय अविचाराचा म्हणतां येणार नाहीं. थूनी महाविद्यालयांत त्या जागीं खेळलेला होता. या तजविजीनेंच ते पुढें अनेक सामने जिंकून अंतिम सामन्यापर्यंत पोंचले होते. परंतु एक भोंक बुजविण्यासाठीं भिंतीचा सर्वांत पक्का दगड काढला म्हणजे दोन ठिकाणीं कच्चेपणा येतो. गार्डच्या जागीं नवखा माणूस आला, आणि टॅकलच्या जागीं तेथील मानानें आंखूड हातांचा.

फिलाडेल्फियाच्या चढाई रोखणाऱ्या तुकडीनें हें बरोबर हेरलें. जादा गडी मुळींच न पाठवितां केवळ पुढच्या चौघांच्या बळावर तिनें चीफ्सची भिंत फोडली. पॅट्रिक माहोम्स या विख्यात क्वार्टरबॅकला सहा वेळां चेंडूसह खालीं पाडण्यांत आलें. मध्यंतरास 24 विरुद्ध 0 अशी गुणसंख्या होती. अखेर फिलाडेल्फिया 40 विरुद्ध 22 असा जिंकला. पराभवाचें सारें खापर थूनीच्या माथीं फोडणें अन्यायाचें होईल. त्यानें आपल्या संघाची गरज ओळखून आपली मानाची जागा सोडली होती. पुढच्याच महिन्यांत तो शिकागोच्या संघांत गेला आणि तेथें आपल्या जुन्या गार्डच्या जागीं परतला. चीफ्सनीं एप्रिलच्या निवडींत पहिलीच पाळी टॅकल घेण्यासाठीं खर्च केली. दोघांनींहि धडा एकच घेतला.

तरी यावरून माणूस कधीं हलवूंच नये असा अर्थ काढणें चुकीचें होईल. अंतिम सामन्याच्या दोन आठवडे आधीं जर्गन्सची पाठ दुखावली असतां डिकर्सन आपल्या मूळच्या सेंटरच्या जागीं उतरला होता. पुढें त्याचा गुडघा दुखावला तेव्हां जर्गन्स तशाच पाठीनें मैदानांत आला, आणि फिलाडेल्फियानें तो सामना 55 विरुद्ध 23 असा जिंकला. म्हणजे प्रत्येकाची पहिली जागा कोणती हें जसें ठाऊक हवें, तशी दुसरी कोणती हेंहि हवें. आणि त्याला हलविल्यानें मागें काय उरतें याचा हिशेब हलविण्यापूर्वीं मांडलेला हवा.

माणसाचें मोल त्याच्या अंगच्या गुणांवर ठरतें असें सामान्यतः समजतात. या पांच जणांच्या भिंतीकडे पाहिलें तर त्या समजांत थोडी दुरुस्ती करावीशी वाटते. गुण मनुष्याचा असतो, परंतु त्याचें मोल जागा ठरविते. आणि ती जागा ज्याची त्याला नेहमींच दिसते असें नाहीं. एका संघानें टाकलेला बेक्टन दुसऱ्या संघाच्या भिंतींत पक्का बसला, याचें श्रेय त्याच्या खांद्यांना आहे, तितकेंच त्याला ओळखणाऱ्या डोळ्यांनाहि आहे. सुभाषितकारांनीं योजकाला दुर्लभ म्हटलें आहे, तें उगीच नव्हे.