फ्लॉरेन्सचे बंदिवान आणि लालपेठचे पाषाण



प्रवासाची हकीगत म्हटली की वक्त्याने परदेशाची थोरवी गावी आणि ऐकणाऱ्यांनी घरबसल्या सुस्कारे टाकावेत, असा एक शिरस्ता पडून गेला आहे. आज तो मला थोडा मोडावयाचा आहे. माझा मुलगा नोकरीनिमित्त इटलीत असतो. त्याच्या आग्रहावरून गेल्या साली मी तीन आठवडे फ्लॉरेन्स नगरात काढले. परंतु माझे भाषण जितके फ्लॉरेन्सविषयी आहे तितकेच माझ्या चंद्रपूरविषयीही आहे, आणि त्यात माझ्या एका चुकीची कबुली आहे.

फ्लॉरेन्सचा जुना भाग पायीच हिंडून पाहावा. गल्ल्या अरुंद, पायाखाली दगडी फरशी, दोहो बाजूंस उंच वाडे. एक रस्ता अद्यापि मोजे शिवणाऱ्यांच्या नावाने ओळखला जातो. आर्नो नदीवरील जुन्या पुलावर सराफांची दुकाने आहेत. पूर्वी तेथे खाटीक बसत, त्यांना उठवून १५९३ साली तेथील ड्यूकने सोनारांना जागा दिली. घरांच्या भिंतींवर जागोजाग लहान पाट्या दिसतात. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी महापुराचे पाणी कोठवर चढले होते, त्याची ती खूण. बाहेरून आलेल्या माणसास कोणाला काही विचारावे लागत नाही. गावच त्याला आपली हकीगत सांगत जाते.

तेथील अकादमीच्या संग्रहालयात लोक जातात ते मायकेलअँजेलोचा डेव्हिड पाहण्यासाठी. सतरा फूट उंचीचा हा पुतळा आधी भर चौकात उभा होता. १८७३ साली तो आत आणला गेला. परंतु त्याच्याकडे नेणाऱ्या दालनात दुतर्फा याच शिल्पकाराच्या काही अपुऱ्या मूर्ती आहेत. त्यांतील चौघांना ‘बंदिवान’ म्हणतात. पोप दुसरा ज्युलियस याच्या समाधीसाठी ते कोरावयास घेतले होते. समाधीचा बेत पुनःपुन्हा आखडला आणि हे चौघे तसेच राहून गेले. एकाचे धड दगडातून सुटले आहे, मस्तक मात्र आतच अडकलेले. अंगावर छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात.

त्या मूर्तींसमोर एक शिक्षिका वीसेक मुलांना घेऊन जमिनीवर बसली होती. मुले वहीत चित्रे काढीत होती. माझी आठ वर्षांची नात मला विचारू लागली, “आजोबा, हे अर्धेच का ठेवले? तुमच्या गावी असे काही आहे का?”

मी ‘नाही’ म्हणणार, तोच लालपेठ आठवली.

चंद्रपूरच्या तटाबाहेर, लालपेठेच्या बाजूस, उघड्या माळावर प्रचंड एकसंध पाषाणांतून कोरलेल्या मूर्ती आहेत. गोंड राजवटीत रायप्पा नावाच्या कोमटी सावकाराने एक भव्य शिवालय उभारण्याचे मनात आणले, त्यासाठी या मूर्ती घडवून घेतल्या, आणि देवालय उठण्यापूर्वीच तो निवर्तला, असे सांगतात. त्यांत सर्वांत मोठी मूर्ती दहा तोंडांची असून सुमारे पंचवीस फूट लांब आहे. गावातील लोक तिला रावण म्हणतात. अभ्यासक म्हणतात, ती दुर्गा आहे. लहानपणी आम्ही तिच्या अंगाखांद्यावर खेळलो. पुढे तीस वर्षांहून अधिक काळ मी शाळेत इतिहास शिकविला, फळ्यावर रोमचा नकाशा काढला. पण माझ्या वर्गाला दोन कोसांवरच्या त्या माळावर एकदाही नेले नाही. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे, एवढेच त्याचे कारण. नातीपुढे मला त्याची लाज वाटली.

यावर कोणी म्हणेल, तिकडच्या लोकांची रसिकताच निराळी. मला तसे वाटत नाही. हेच बंदिवान शिल्पकाराच्या मृत्यूनंतर त्याच्या पुतण्याने ड्यूकला नजर केले. पुढे ते एका बागेतील कृत्रिम गुहेच्या कोपऱ्यांत बसविले गेले, आणि तीन शतकांहून अधिक काळ बागेची शोभा म्हणून तेथेच राहिले. संग्रहालयात त्यांना स्थान मिळाले ते १९०९ साली. त्यांचे मोल फ्लॉरेन्सलाही उशिराच कळले.

आणखी एक गोष्ट ऐका. फ्लॉरेन्सला मोठा तट होता. १८६५ साली ते शहर इटलीची राजधानी झाले, तेव्हा नदीच्या उत्तरेकडील तट पाडून त्या जागी रुंद रस्ते काढले. आज तेथे वेशी तेवढ्या वाहनांच्या गर्दीत एकाकी उभ्या आहेत. आमच्या चंद्रपूरचा सुमारे अकरा किलोमीटरांचा गोंडकालीन परकोट, काही ठिकाणी ढासळला असला तरी, आजही शहराला वेढून आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा या चार वेशी आहेत. शिवाय पाच खिडक्या आहेत. अंचलेश्वराजवळ राणी हिराईने आपल्या पतीची, राजा बीरशहाची, समाधी बांधली आहे. फ्लॉरेन्सने जे गमावले ते आमच्यापाशी आहे. उणीव आहे ती सांगणाऱ्याची. ‘इको-प्रो’ या संस्थेच्या तरुणांनी २०१७ पासून या तटावरील झाडेझुडपे तोडून तो मोकळा करण्याचे काम अंगावर घेतले. त्यांनी हातांनी केले ते आम्हा शिक्षकांना तोंडानेही करता आले नाही.

परत आल्यावर पुढच्याच रविवारी मी गल्लीतील नऊ मुले घेऊन लालपेठेस गेलो. बरोबर वह्या आणि पेन्सिली नेल्या. मुलांनी दहा तोंडे मोजली, लांबी पावलांनी मापली. एकाने विचारले, “गुरुजी, हा रावण की देवी?” दोन्ही नावे मी सांगितली, आणि म्हटले, “नीट पाहा, चित्र काढा, मग आपण बोलू.” दीड तास कोणी जागचे हलले नाही. निघताना तोच मुलगा म्हणाला, “मी रोज या रस्त्याने शाळेत जातो, हे कोणी केले ते कोणीच सांगितले नव्हते.”

त्या ‘कोणीच’मध्ये मी होतो, श्रोतेहो. मी मॅट्रिकपलीकडे न शिकलेला माणूस. मूर्तिशास्त्राचा अधिकार मला नाही. परंतु मुलांचा हात धरून तेथवर नेण्यास तो अधिकार लागत नाही, हे मला साठी उलटल्यावर उमगले. आपल्याही गावी एखादी वेस असेल, समाधी असेल, अर्धवट घडविलेला दगड असेल. येत्या रविवारी घरातील मुलांना तेथवर घेऊन जा. ती काय विचारतात ते ऐका, आणि ठाऊक नसेल तर ‘ठाऊक नाही, शोधू’ असे मोकळेपणाने सांगा. मी ते फार उशिरा सांगू लागलो.