परसातल्या माश्या आणि हिवाळी पराग

परसात सातेरी मधमाश्यांची पेटी असेल, तर डिसेंबर-जानेवारीत उन्हं चढू लागली की तिच्या दाराशी जरा बसून बघा. झाकण मात्र उघडू नका. थंडीत अळ्यांची ऊब मोडते. बाहेरूनही पुष्कळ कळतं.

परतणाऱ्या कामकरी माशीच्या मागच्या दोन्ही पायांवर परागाच्या गोळ्या दिसतील. अंगावरच्या केसांत अडकलेला पराग ती पायांनी विंचरून काढते, पोटातल्या थोड्या मधुरसानं ओला करते आणि मागच्या पायांवरच्या खोलगट जागी दाबून बसवते. एका फेरीत माशी बहुधा एकाच जातीच्या फुलांवर फिरते, म्हणून दोन्ही गोळ्या एकाच रंगाच्या. मोहरीचा पराग पिवळा, सूर्यफुलाचा नारिंगीकडे झुकणारा. रंग टिपून ठेवा आणि आसपास काय फुललंय ते शोधा. आपल्या परिसराची अशी ओळख मला फार मोलाची वाटते.

मधातून माश्यांना ताकद मिळते, पण अळ्यांच्या वाढीला लागणारी प्रथिनं परागातूनच येतात. त्यामुळे पराग भराभर येत असेल, तर आत राणी अंडी घालत असावी, असं समजावं. परसातली थोडी कोथिंबीर, थोडी मोहरी न खुडता फुलू द्या. आणि फुलोऱ्यावर कीटकनाशक मुळीच फवारू नका.