गोवराची उधारी

(घाटकोपर येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा मजकूर)



गोवर प्रत्येकाला एकदा निघतोच, आणि तो अंगावर नीट उमटून गेला म्हणजे मूल सुटले, अशी जुन्या लोकांची समजूत होती. तो आत जिरू नये, याची मात्र त्यांना धास्ती असे. त्या धास्तीत नकळत एक सत्य दडले होते. क्वचित एखाद्या मुलाच्या बाबतीत गोवराचा विषाणू खरोखरच आत राहतो. पुरळ मावळते, ताप उतरतो, घर तो आजार विसरून जाते. विषाणू मात्र बदललेल्या रूपात मेंदूत वर्षानुवर्षे टिकून असतो. बहुधा सहा ते दहा वर्षांनी तो डोके वर काढतो. शाळेत चांगले शिकणारे मूल एकाएकी मागे पडते, चिडचिडे होते, अंगाला झटके येऊन चालता चालता कोसळते. पुढे बोलणे थांबते, मूल अंथरुणाला खिळते आणि बहुतेकदा एक ते तीन वर्षांत दगावते. वैद्यकशास्त्र या रोगाला ‘सबअक्यूट स्क्लेरोझिंग पॅनएन्सेफलायटिस’ म्हणते. औषधांनी त्याची गती काही काळ मंदावू शकते; तो बरा करणारा उपाय आजही नाही.

हा उष्ण प्रदेशांचा रोग, असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. वस्तुतः उन्हाचा आणि त्याचा काही संबंध नाही. १९६३ साली गोवराची लस निघण्यापूर्वी तो थंड आणि श्रीमंत अमेरिकेतही होता. लस घरोघर पोचली आणि तेथे तो दुर्मिळ झाला. भारतात तो अद्याप आढळतो, याचे कारण हवामानात नसून दाट वस्ती, कुपोषण आणि अपुरे लसीकरण यांत आहे.

या रोगाचे गणित विशेष क्रूर आहे. कॅलिफोर्नियातील रुग्णांचा एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. पाच वर्षांच्या आत गोवर झालेल्या मुलांत सुमारे १,३६७ पैकी एकाला, तर पहिल्या वर्षाच्या आत गोवर झालेल्यांत सुमारे ६०९ पैकी एकाला हा रोग झाल्याचे त्यात दिसले. म्हणजे सर्वांत मोठा धोका तान्ह्या बाळाला. आणि आपल्याकडे लसीची पहिली नियमित मात्रा मिळते नऊ महिने पूर्ण झाल्यावर! तोवर बाळाचे खरे रक्षण करतात ती आसपासची लस घेतलेली मुले. शंभरांपैकी पंचाण्णव मुलांना दोन्ही मात्रा मिळाल्या, तरच गोवराची साखळी तुटते. एका आईने कितीही काळजी घेतली, तरी हे संरक्षण तिला एकटीला मिळवता येत नाही. ते साऱ्या वस्तीने मिळून उभे करावे लागते. सामाजिक मालकीचे याहून स्वच्छ उदाहरण अर्थशास्त्राच्या पुस्तकांतही क्वचितच सापडेल.

ही मालकी मोडली की काय होते, ते मुंबईच्या उपनगरांनी पाहिले आहे. करोनाच्या काळात नियमित लसीकरण विस्कळीत झाले. २०२२ च्या अखेरीस गोवंडीच्या वस्त्यांत गोवर उफाळला. कुर्ला, मालवणी येथेही रुग्ण आढळले. मुले दगावली. केंद्राचे पथक आले, साथीच्या भागात सहा ते नऊ महिन्यांच्या बालकांनाही जादा मात्रा देण्याचे ठरले. साथ ओसरली आणि वर्तमानपत्रे दुसऱ्या विषयांकडे वळली. परंतु तेव्हा ज्या तान्ह्या मुलांना गोवर झाला, त्यांच्या बाबतीत धोक्याची वर्षे साधारण २०२८ ते २०३२ ही आहेत. त्यांतील बहुसंख्य मुले सुखरूप राहतील. पण एखादे मूल वर्गात अडखळू लागले, तर तोवर त्याचे कुटुंब कदाचित दुसऱ्या उपनगरात गेलेले असेल आणि त्या गोवराची आठवणही कोणाला उरलेली नसेल. ज्या खर्चाची नोंद इतक्या उशिरा होते, तो कोणत्याच अंदाजपत्रकात दिसत नाही. साहजिकच आज लसीकरणात केलेली काटकसर शहाणपणाची वाटते.

लस सरकारी केंद्रात फुकट मिळते, हे खरे. पण रोजंदारीवरच्या आईला अर्ध्या दिवसाची मजुरी सोडावी लागत असेल, तर ती फुकट कशी? अशा आईला अडाणी ठरवून उपदेश करणे हा आपमतलबी न्याय झाला. केंद्र संध्याकाळी आणि रविवारी उघडे असावे. मानधनावर राबणाऱ्या आरोग्य सेविकांना रास्त वेतन मिळावे. वॉर्डाच्या सरासरीआड लपलेल्या वस्त्यांचे आकडे स्वतंत्रपणे जाहीर व्हावेत, या मागण्या म्हणूनच राजकीय आहेत.

गोरेगावात मृणाल गोरे यांनी पाण्यासाठी लढा दिला आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. नळाचे पाणी हा राजकारणाचा विषय होऊ शकतो, तर लसीची मात्राही होऊ शकते. प्रत्येक शाखेने आपल्या भागातील एका वस्तीत दोन वर्षांखालील मुलांची यादी करावी, कोणाची कोणती मात्रा राहिली ते लिहावे आणि ती यादी घेऊन आरोग्य केंद्रात जावे. गोवराची उधारी आठ-दहा वर्षांनी वसूल होते, आणि ती फेडतो तो जीव, ज्याने कर्ज कधी काढलेलेच नसते.