प्रतिध्वनीची मोजपट्टी

शनिवार पेठेतल्या एखाद्या जुन्या घरात 12 जुलै 1961 चा विषय काढून पाहा. घरातले कोणी वडीलधारे भिंतीशी जातील, हात उंच करतील आणि म्हणतील, "पाणी इथवर होतं." त्या दिवशी पानशेतचे धरण फुटले, पाठोपाठ खडकवासल्याची भिंत गेली आणि मुठेकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. हाताने दाखवलेले हे माप खोटे नव्हे. पण ते पूर ओसरल्यानंतरचे माप. पूर चढत असताना, रात्रीच्या अंधारात, पाण्यात न उतरता त्याची उंची कशी कळावी?

त्याचे एक उत्तर वटवाघळाजवळ आहे. ते बारीक आवाज सोडते आणि त्याचा प्रतिध्वनी ऐकून भिंत किती लांब हे ओळखते. हीच युक्ती करणारे एक लहानसे साधन आज बाजारात मिळते. शनिवार पेठेतून चालत बुधवारातल्या तपकीर गल्लीत गेलात, तर दुकानदार ते काढून देईल. त्याला दोन डोळे दिसतात. खरे म्हणजे एक तोंड आहे आणि दुसरा कान. तोंडातून सेकंदाला 40,000 कंपनांचा आवाज निघतो. माणसाच्या कानाची धाव 20,000 पर्यंतच, म्हणून आपल्याला तो ऐकू येत नाही.

या साधनाला हुकूम देण्यासाठी रास्पबेरी पाय नावाचा, पत्त्याच्या पानाएवढा संगणक पुरतो. तो 2012 साली इंग्लंडात निघाला, तोच मुळी मुलांनी संगणकाशी खेळत शिकावे म्हणून. संगणक 10 मायक्रोसेकंदांचा एक इशारा देतो, साधन आवाज सोडते, आणि प्रतिध्वनी येईपर्यंत एक तार विद्युद्दाबाखाली ठेवते. ती तार किती वेळ तशी राहिली, एवढेच संगणकाने मोजायचे. एक खबरदारी मात्र घ्या. साधन 5 व्होल्टवर बोलते आणि या संगणकाला 3.3 व्होल्टच सोसतात. म्हणून त्या तारेवर 1,000 आणि 2,000 ओहमचे दोन रोधक लावून दाब उतरवून घ्यावा लागतो.

आता हिशेब पाहा. 25 अंश उष्णतामानाच्या हवेत आवाज सेकंदाला सुमारे 346 मीटर जातो. प्रतिध्वनी 10 मिलिसेकंदांनी आला, तर आवाज 3.46 मीटर चालला. जाणे आणि येणे मिळून. म्हणून अंतर त्याच्या निम्मे, 1.73 मीटर. म्हणजे हे साधन अंतर मोजतच नाही. ते वेळ मोजते. अंतर आपण काढतो.

आणि म्हणूनच ते फसूही शकते. हवा एक अंश तापली की आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे 0.6 मीटरने वाढतो. उन्हाळ्यात पहाटे 20 अंश आणि दुपारी 40 अंश असले, आणि तुम्ही वेग पहाटेचाच धरून बसलात, तर 3 मीटरवरचे पाणी दुपारी 10 सेंटिमीटर जवळ आल्यासारखे दिसेल. पावसाचा थेंब नाही आणि नदी मात्र 10 सेंटिमीटर चढली! उपाय सोपा आहे: शेजारी एक उष्णतामापक ठेवा आणि वेग दर वेळी नव्याने काढा.

याहून वाईट फसवणूक दुसरीच. फेस, लाटा, तिरपा पृष्ठभाग यांवरून आवाज भलतीकडे जातो आणि प्रतिध्वनी परत येतच नाही. साधन काही वेळ वाट पाहते, सामान्यतः सुमारे 38 मिलिसेकंद, आणि तार सोडून देते. भोळा संगणक याचाही हिशेब करतो आणि सांगतो, "पाणी साडेसहा मीटर खाली आहे." ऐन खवळलेल्या पाण्यावर हे उत्तर म्हणजे निश्चिंत झोपा, असे सांगणे झाले. पाणी अगदी 2 सेंटिमीटरच्या आत आले, तरीही आकडा भरवशाचा राहत नाही.

तेव्हा एका मापावर विसंबू नका. अकरा मापे घ्या, ती चढत्या क्रमाने लावा आणि मधले उचला. 4 मीटरपलीकडचा किंवा 2 सेंटिमीटरच्या आतला आकडा आला, तर संगणकाने अंतर सांगू नये. "मला कळले नाही" असे सांगावे आणि घंटा वाजवावी. न कळणे आणि सुरक्षित असणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे यंत्राला आपणच शिकवावे लागते.

आरंभ नदीपासून करू नका. उंच पुलावरून एवढ्याशा साधनाचा आवाज पुरणारही नाही. तिथे लांब पल्ल्याची, पाण्यापासून जपलेली साधने लागतात. पुष्कळ ठिकाणी तर रेडिओलहरींची वापरतात, कारण हवा तापल्याने त्यांचा वेग जाणवण्याइतका बदलत नाही. तुम्ही गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीपासून सुरुवात करा. टाकीच्या झाकणाखाली साधन बसवा, तळापासून त्याची उंची एकदा टेपने मोजून लिहून ठेवा, आणि त्यातून आलेले अंतर वजा करा. उरेल ती पाण्याची उंची. जवळ एक साधी लाकडी पट्टीही उभी करा आणि आठवडाभर दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी मांडा. ते जुळेनात, तर पट्टीला दोष देण्याआधी संगणकाला दिलेला हिशेब तपासा.