ऑक्टोबरला बसायचं राहून गेलं

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं भाषण)



दहावीला मी गणितात नापास झाले. माझा भाऊही झाला होता. त्याला घरच्यांनी ऑक्टोबरला बसवलं आणि मला बोहल्यावर उभं केलं. पुढे वीस वर्षं कुठल्याही अर्जातल्या ‘शिक्षण’ या रकान्याशी माझा हात अडायचा.

मग एका कार्यकर्तीने राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची माहिती दिली. केंद्र सरकारने १९८९ साली राष्ट्रीय मुक्त विद्यालय म्हणून ती सुरू केली. आजचं नाव २००२ पासूनचं. ही संस्था पुस्तकं देते, परीक्षा घेते आणि दहावी-बारावीचं प्रमाणपत्रही देते. इतर मंडळांच्या प्रमाणपत्राइतकंच ते ग्राह्य असतं.

तिची पद्धत समजून घ्या. दहावीसाठी वय १४ पूर्ण हवं. वरची मर्यादा नाही. शाळेचा दाखला नसेल, तर ‘हा अभ्यास मला झेपेल’ असं स्वतः लिहून देता येतं. परीक्षा वर्षातून दोनदा होते. पाचही विषय एकदम द्यावे लागत नाहीत. पाच वर्षांत नऊ संधी मिळतात आणि सुटलेला विषय जमा राहतो. दहावी मराठीतून करता येते. गणिताची सक्ती नाही, गृहविज्ञान किंवा चित्रकलाही घेता येते. मी मात्र हट्टाने गणितच घेतलं. तिसऱ्या खेपेला सुटलं!

म्हणजे बाईला थांबत थांबत शिकावं लागतं, हे या पद्धतीत बसतं. बाळंतपण, सुगी, सासूचं आजारपण आलं म्हणून आधीचे कष्ट वाया जात नाहीत.

पण नियम चांगले असले म्हणून वाट मोकळी होत नाही. अर्ज ऑनलाइन आणि मोबाईल नवऱ्याच्या खिशात. जुन्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, आधार कार्डावर सासरचं. मार्गदर्शनाचे वर्ग सुट्टीच्या दिवशी आणि नेमके तेव्हाच घरी पाहुणे. नऊ संधी संस्था देईल, पण अभ्यासाचा एक तास घरातूनच मिळवावा लागतो. तो मला भांडून मिळाला.

म्हणून माझी विनंती आहे. आपापल्या वस्तीत शाळा सुटलेल्या बायकांची यादी करा. कागदपत्रं जुळवायला आणि अर्ज भरायला त्यांच्याबरोबर बसा. आठवड्यातून दोन दुपारी एकत्र अभ्यास ठेवा. आणि परीक्षेच्या दिवशी त्यांची मुलं कोण सांभाळणार, हे आजच ठरवून उठा.