लावणीचं मशीन आणि कापणीचं मशीन: आधी पट्टी घ्या, मग बुकिंग करा

आजचा विषय आहे मुळशीतल्या भातखाचरांचा. पौड, कोळवण, ताम्हिणीकडचा पट्टा, कुठंही जा, एकच तक्रार. लावणीला माणूस मिळत नाही आणि कापणीला तर नाहीच नाही. पोरं पिरंगुटला कंपनीत, मग शेतात कोण? साहजिकच सगळे मशीनकडे वळलेत. पण लावणीचं मशीन एकाकडून, कापणीचं दुसऱ्याकडून, आणि दोघांची मापं एकमेकांशी जुळतात का, हे कुणी बघत नाही. आज तेवढंच बघू.

हा हिशोब मुळात मक्याचा. परदेशात मका कम्बाइननं काढतात, तेव्हा कम्बाइनच्या तोंडाला प्रत्येक ओळीसाठी वेगळी फट असते. आठ ओळींचं पेरणीयंत्र असेल तर कापणीचं तोंड आठ, चार किंवा दोन ओळींचं चालतं. सहा ओळींची पेरणी आणि चार ओळींचं तोंड असं जमत नाही. का? पेरणीयंत्राच्या एका फेरीतल्या ओळी अगदी मापात असतात, कारण त्या एकाच लोखंडी पट्टीवर बसवलेल्या असतात. पण दोन फेऱ्यांमधलं अंतर ड्रायव्हरच्या हातावर. तिथं चार बोटं इकडं-तिकडं होणारच. कापणीचं तोंड त्या सांध्यावर आलं की कणसं खाली.

आता हेच भाताला लावू. चालत ढकलायचं चार ओळींचं भात लावणीयंत्र घ्या. त्यात दोन ओळींतलं अंतर साधारण ३० सेंमी, आणि ते बदलता येत नाही. म्हणजे एका फेरीत १२० सेंमीचा पट्टा लागतो. कापणीसाठी लहान शेतकरी जो रीपर वापरतात, त्याचं पातंही बहुतेक १२० सेंमीचंच. जोडी जमली की!

पण नीट मोजा. चार ओळींत पहिल्या चुडापासून शेवटच्या चुडापर्यंत अंतर भरतं ९० सेंमी. पातं १२० चं. म्हणजे दोन्ही बाजूंना १५-१५ सेंमी सुट. ही सुट म्हणजे तुमचा हात हलायची जागा. लावणीची फेरी जिथून सुरू झाली तिथूनच रीपर घातला, तर चार ओळी आरामात येतात. पण तुम्ही दोन ओळी या फेरीतल्या आणि दोन पुढच्या फेरीतल्या धरल्या, आणि मधला सांधा ४० सेंमीचा झालेला असला, तर सुट उरते १०. बांध वाकडा असला की तीही जाते आणि मागं उभी ताटं राहतात. भाताचं पातं मक्यासारखं एकेका ओळीला बांधलेलं नसतं, त्यामुळं नुकसान तेवढं नाही. पण राहिलेलं पुन्हा विळ्यानं कापायला माणूस लागतोच. आणि माणूस नाही म्हणून तर मशीन आणलं होतं!

चार सूत्री लावणी करणाऱ्यांचं काय? १५-२५ सेंमीची जोडओळ, चार चुडांच्या मधोमध खताची ब्रिकेट. हे ३० सेंमीच्या यंत्रानं होत नाही, दोरी धरून हातानंच करावं लागतं. पण कापणीला ते रीपरशी छान जुळतं. १५ अधिक २५ म्हणजे ४०, आणि तीन जोड्या म्हणजे बरोबर १२०. सहा ओळी एका फेरीत, बाजूला साडेबारा सेंमी सुट. म्हणजे लावणीला माणसं मिळत असतील तर चार सूत्री सोडायचं कारण नाही.

आता खाचराचा आकार. रीपर कापलेलं पीक उजव्या बाजूला ओळीनं टाकतो. बांधाला चिकटून चालवला तर कापलेला भात बांधावर पडतो. म्हणून कडेचा साधारण एक मीटरचा पट्टा आधी विळ्यानं कापून घ्यायचा. धरा, खाचर आहे १२ मीटर बाय ४२ मीटर, म्हणजे पाच गुंठे. कडेचा पट्टा भरतो १०४ चौरस मीटर. पाचातला एक गुंठा हातानंच! खाचर १० बाय २० असेल, दोन गुंठ्यांचं, तर पाव भागापेक्षा जास्त हातानं. त्याहून लहान खाचरात मशीन उतरवण्यात अर्थ नाही. मधला बांध काढून दोन खाचरं एक करता येतील का, हे उन्हाळ्यातच बघा. दोन्हींची पातळी सारखी असेल तरच. नाहीतर एका बाजूला पाणी तुंबतं आणि दुसरी कोरडी.

मग १४ फुटी मोठा कम्बाइन का नको? तो ओळी बघत नाही, सगळं सरसकट कापतो, मळणीही तिथंच. सपाट, मोठ्या शेतात उत्तम. पण १२ मीटर रुंदीच्या खाचरात त्याच्या जेमतेम तीन फेऱ्या होतात, वळायला जागा नाही, आणि खालच्या खाचरात उतरायला रस्ता नाही. शिवाय लांब पेंढा हाती लागत नाही, आणि गोठ्यात जनावरं असतील तर पेंढा म्हणजे पैसाच. बियाण्यासाठी आंबेमोहर ठेवणाऱ्यांनी आणखी एक बघावं: मशीन आधी कुणाच्या इंद्रायणीत फिरलं असेल तर आत अडकलेले दाणे तुमच्या भातात येतात. आधी साफ करून घ्या.

शेवटचा हिशोब वेळेचा. रीपर ताशी अडीच किलोमीटर चालला तर कागदावर तासाला ३० गुंठे होतात. वळणं, अडथळे धरून १८ धरा. पाच तासांत सव्वादोन एकर. मस्त! पण तेवढ्या भाताच्या पेंढ्या बांधणार कोण, झोडणार कोण? कापलेलं खाचरात पडलं आणि परतीचा पाऊस आला, तर दाणा तिथंच उगवतो. म्हणून दिवसाची कापणी मळणी झेपेल तेवढीच. लावणीही सगळी एका दिवशी उरकू नका. दोन-तीन टप्प्यांत करा, म्हणजे पीकही टप्प्यानं पिकेल. आणि कापणीआधी आठ-दहा दिवस पाणी काढून टाका, नाहीतर चाकं रुततात.

अनुदानाचं म्हणाल तर महाडीबीटीवर अर्ज होतो. अल्पभूधारक, महिला, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना ५० टक्क्यांपर्यंत, इतरांना ४०, वर कमाल मर्यादा. पण अनुदान मिळतंय म्हणून मशीन घेऊ नका. दीड एकरासाठी एकट्यानं घेतलेला रीपर वर्षातले चार-पाच दिवस चालतो आणि बाकी दिवस गंज खातो. आठ-दहा घरांनी मिळून घ्या. आपल्याकडं इर्जिक होतीच की, फक्त आता बैलांच्या जागी इंजिन.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. टेप घेऊन खाचरावर जा. लांबी, रुंदी, उतरायच्या वाटेची रुंदी मोजा आणि फोनमध्ये लिहून ठेवा. मशीनवाल्याला फोन लावलात की भाडं नंतर विचारा. पहिला प्रश्न हा: "दादा, पातं किती सेंमीचं आहे?"