कागदी फुलांचं कडं

(गणेशोत्सवातील महिला मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)

मखराच्या मागं लावलेलं हे गोल कडं तीन दिवस आपण बघताय. "कितीला आणलं?" असं पुष्कळांनी विचारलं. विकत आणलेलं नाही, आम्ही केलंय. ते कसं केलं हे सांगायला अध्यक्षांनी आम्हाला दहा मिनिटं दिली आहेत.

पहिला वाद नावावरून झाला. बैठकीत आमच्यातली एक 'पुष्पचक्र' म्हणाली आणि एका ज्येष्ठ काकांनी तिथंच थांबवलं. "पुष्पचक्र आपण १७ जानेवारीला हुतात्म्यांना वाहतो. बाप्पाला नको." बेळगावात वाढलेल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही. म्हणून कडं.

पूर्वी आपल्याकडं सगळी सजावट थर्माकोलची असायची. १ जुलै २०२२ पासून सजावटीच्या थर्माकोलवर देशभर बंदी आली. आम्ही कागदाकडं मनानं वळलो असं सांगितलं तर ते खोटं होईल. बंदी आली म्हणून वळलो.

आणि पहिल्या वर्षी फजिती झाली. मोबाईलवर बघून क्रेप कागदाची गुलाबं केली. दोन दिवसांत पाकळ्या माना टाकून बसल्या. त्यात आपला भाद्रपदातला पाऊस. मंडपाला एका ठिकाणी गळती लागली आणि लाल कागदाचा रंग ओघळून खालच्या पांढऱ्या कापडावर उतरला. आरतीला आलेली मुलं विचारत होती, हे काय सांडलंय?

पुढच्या वर्षी आम्ही फुलं करत बसलो होतो. स्वयंपाकघरातून आमच्या एक मावशी चहा घेऊन आल्या. त्या निपाणीच्या माहेरवाशीण. चाळीस वर्षं मंडळात आहेत आणि चाळीस वर्षं आम्ही त्यांना प्रसादाच्या कामालाच लावलं. त्यांनी आमच्यातलं एक फूल उचललं, चिमटीत फिरवलं आणि म्हणाल्या, "पोरी, दोरा सैल हाय. विडी सैल बांधली तर सुटती, तसंच हे."

त्या दिवशी आम्हाला कळलं की लग्नाआधी त्या घरात आईबरोबर विड्या वळायच्या. निपाणीत हे नवल नाही. तंबाखूचं गाव, घरोघरी सूप मांडीवर. तेंदूचं पान भिजवायचं, पत्र्याचा फर्मा ठेवून कात्रीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, दोरा बांधायचा, तोंड मुडपायचं. मजुरी हजारावर. त्यातूनही खराब निघालेल्या बाजूला काढल्या जायच्या आणि त्यांचे पैसे मिळायचे नाहीत. "तुम्ही सगळ्या शिकलेल्या. तुमच्यात कशाला सांगायचं?" असं त्या म्हणाल्या. आम्ही काहीच बोललो नाही. बोलण्यासारखं आमच्याकडं काही नव्हतं.

पण हात विसरत नाहीत. मावशींनी तेलाच्या जुन्या डब्याचा पत्रा कापून पाकळीचे तीन फर्मे केले : तीन इंची, अडीच इंची आणि दोन इंची. क्रेप कागदाच्या सुरकुत्या पाकळीत उभ्याच आल्या पाहिजेत, हे त्यांनी दोन पाकळ्या करून बघितल्यावर ओळखलं. सुरकुत्या उभ्या असल्या की दोन्ही अंगठ्यांनी मध्ये आडवं ताणलं की वाटीसारखी खोली येते. आडव्या असतील तर पाकळी लोंबते. आमची पहिल्या वर्षीची गुलाबं याच कारणानं पडली होती! तारेभोवती आधी लहान पाकळ्या, मग मोठ्या, आणि प्रत्येक फेरीला दोऱ्याचे दोन घट्ट वेढे. डिंक नाहीच.

कड्याचा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा आहे, अठरा इंच व्यासाचा. त्यावर 'तरुण भारत'च्या जुन्या अंकांच्या पट्ट्या गुंडाळल्या आणि वर नक्षीचा कागद. नक्षी बारीक बुट्टीची घ्यावी. मोठी वेलबुट्टी दोन इंचांच्या पट्टीत तुटून जाते, नुसते ठिपके दिसतात. चकचकीत कागद खळ धरत नाही. खळ मैद्याची, तुरटी घालून शिजवलेली. पूर्वी कीड लागू नये म्हणून मोरचूद घालत, पण लहान मुलं हाताशी असताना ते विष नको. आपल्या पावसात ही खळ वाळायला दोन दिवस धरा. घाई केली की कागदाला फुगे येतात. फुलं दोन ओळींत चव्वेचाळीस बसली.

शेजारच्या दोन कन्नड भगिनीही येऊन बसल्या. त्यांना बेगडाचं काम छान येतं, कारण बाशिंग दोन्हीकडच्या लग्नांत लागतं आणि शब्दही दोघींचा जवळपास एकच.

यंदा कडं मंडपाच्या आतल्या बाजूला लावलंय. विसर्जनाला ते कपिलेश्वर तलावावर जाणार नाही. कागदाचा रंग पाण्यात सोडायचा नाही असं ठरलंय. अनंत चतुर्दशीला मिरवणूक निघायच्या आधी ते उतरवून कडुलिंबाच्या पाल्यासकट खोक्यात ठेवू. पुढच्या वर्षी सांगाडा तोच, फुलं नवी.

मावशींनी भाषणात नाव घ्यायचं नाही असं बजावलंय. त्या आत्ता मोदकांपाशी आहेत, पण पुढच्या वर्षी तिथं दुसरं कुणीतरी लागेल, तेवढं नाव आजच द्या. उत्सव संपल्यावरच्या पहिल्या रविवारी दुपारी चार वाजता मंडळाच्या खोलीत त्या फुलं शिकवणार आहेत. मुलगे आले तरी चालतील. कात्री आपापली आणावी. फर्मे त्यांच्याकडं आहेत.